रंजूआत्याचा बस्ता

आमच्या मळ्यात दिवस उजाडायचा तो रंजूआत्याच्या आवाजानं. मखमलाबादच्या रस्त्याला आमचा गुलाबाचा मळा, कडेकडेनं मेथी-कोथिंबिरीचे वाफे, आणि मधोमध पत्र्याचं छप्पर असलेलं आमचं घर. आप्पा, म्हणजे माझे वडील, फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेच बाजाराला गेलेले असायचे. आई चुलीपुढं भाकरी थापत बसलेली असायची. आणि आप्पांची धाकटी बहीण रंजूआत्या हाताला जुन्या मोज्याचा तुकडा गुंडाळून गुलाबाच्या ओळीत शिरलेली असायची आणि बोलत असायची. कोणाशी, ते विचारायचं नाही. मी समोर असले तर माझ्याशी, मी नसले तर म्हशीशी, आणि म्हैसही रानात गेली असली तर सरळ गुलाबांशी. "काल तर कशी तोंड मिटून बसली होतीस, आज आलीस व्हय वळणावर!" असं कळीला म्हणून ती तिला देठासकट खुडायची. दुपारी जेवताना कालवणाच्या वासात, भाकरीच्या पापुद्र्यात, ताटलीतल्या ठेच्यात तिचं बोलणं मिसळलेलं असायचं. आई म्हणायची, "वन्संच्या तोंडाला कडी लावली ना, तर त्या हातानं बोलतील."

आत्या अगदी लहान असतानाच तिची आई गेली, म्हणून तिला वाढवलं ते आप्पांनी आणि माझ्या आईनं. मला ती आत्यापेक्षा थोरल्या बहिणीसारखीच होती. माझी वेणी तीच घालायची आणि घालताना इतकी बोलायची की एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल व्हायची. शाळेत बाई विचारायच्या, "बेबी, हे काय गं?" मी सांगायची, "एवढ्यात आत्याला काहीतरी आठवलं."

अशा या आत्याला लासलगावचं स्थळ आलं. मुलाचं नाव भाऊसाहेब. तो तिथल्या कांद्याच्या मार्केटला कामाला आहे, घरची थोडी शेती आहे, यापलीकडे आम्हाला काही माहीत नव्हतं. बघायला आले तेव्हा मुलगा, त्याची आई, मामा, मावशी आणि जीपमध्ये मावतील तितके पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. आप्पांनी मुलाला विचारलं, "शिक्षण कुठपर्यंत?" मामा म्हणाले, "बारावी." आप्पांनी विचारलं, "मार्केटला काम काय असतं?" मामा म्हणाले, "असतं आपलं, बोलायचालायचं." माझ्या आईनं हसून विचारलं, "जेवायला काय आवडतं हो?" तर मावशी म्हणाल्या, "त्याला समदं आवडतं." मुलगा नुसता बघत होता. उंच, सावळा, डोळे एका जागी न ठरणारे. निघताना मात्र त्यानं स्वतःची कपबशी उचलली आणि मोरीपाशी नेऊन ठेवली. आमच्याकडे तोवर कुठल्याही पुरुषानं असलं काही केलेलं नव्हतं. आत्या स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत होती आणि तिला तो तिथंच आवडला, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. होकार गेला. त्यांचाही आला.

पुढं काही दिवसांनी, कळ्या खुडता खुडता आत्या एकदम गप्प झाली. आत्या गप्प झाली की मला भीतीच वाटायची. मी विचारलं, "काटा लागला का?"

"बेबे," ती म्हणाली, "तो बोललाच नाय गं. एक अक्षर नाय. सगळं मामा बोलला."

"लाजला असेल."

"लाजणारा मानूस एवढं टकामका बघतो व्हय? मुका तर नसंल?" मग स्वतःच म्हणाली, "मुका असला तर असू दे. मी खुणांनी बोलायला शिकंन. पण तसं सांगायला नको? आत्ताच लपवतेत, तर पुढं काय काय लपवतील? आणि मुका नसून नुसताच घुमा असला, तर मग मी मेलेच. सगळा जन्म भिंतीशी बोलू का?"

मी म्हटलं, आप्पांना सांग. तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "दादानं किती चपला झिजवल्यात माझ्यापायी! नुसत्या संशयावरून कसं मोडू? पण एक सांगते. बस्ता बांधायच्या आत मला त्याचा आवाज ऐकायचाय. नाय ऐकू आला, तर बस्त्याला गाठ मारायच्या आधी मी उभी राहून नाय म्हननार. मग दादानं मला मारलं तरी चालंल."

आप्पांनी तिला आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं, त्यामुळं हे वाक्य ऐकून मी फारच हबकले.

हल्ली माझी नात लग्नाचे कपडे मोबाइलवर मागवते, नाही आवडले तर परत पाठवते, म्हणून तिला मला बस्ता म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. दोन्हीकडची माणसं मिळून एका दुकानात जायची, नवरीच्या शालूपासून लांबच्या चुलत्याच्या टोपीपर्यंत सगळं कापड एकाच बैठकीत घ्यायचं, आणि शेवटी त्या ढिगाला हळदकुंकू लावून दुकानदारानं मोठ्या चादरीत त्याची गाठोडी बांधायची. ती गाठ बसली की लग्न ठरलं ते ठरलं. त्यानंतर मोडलेलं लग्न मी तरी आमच्या भागात ऐकलेलं नाही. आणि नवरीला बस्त्याला नेत, पण विचारत नसत. ती नुसती बसायची. नवऱ्या मुलाशी तिनं बोलणं तर दूरच. बोलू शकायची ती फक्त लहान पोरं. म्हणून आत्यानं हट्ट धरला की बेबी बरोबर पाहिजे.

शेजारच्या तात्यांची मॅटाडोर मागून आणली. एरवी तिच्यातून कोबी-फ्लॉवर जायचा. आईनं आदल्या दिवशी ती धुऊन काढली, खाली गोणपाटं आणि त्यावर सतरंजी अंथरली, तरी कोबीचा वास काही गेला नाही. सगळ्या बायका ठेवणीतली पातळं नेसून, केसांत आमच्याच मळ्यातले गुलाब खोचून चढल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी, पाण्याची कळशी असं सगळं आमच्या पायांत. जायचं होतं कुठं, तर नाशिकच्या मेन रोडला, सायकलनं गेलं तरी आप्पा ऊन चढायच्या आत परत येत! पण कुटुंबानं मिळून कुठं जायचं म्हणजे शिदोरी हवीच, असं आईचं मत. मॅटाडोर हलली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी आजवर पुष्कळ फिरले, मुलाकडे परदेशीही जाऊन आले. पण त्या गाडीत फळीला धरून उभं राहताना वारा तोंडात शिरत होता आणि आई पाठीमागून "आत सरक, आत सरक" म्हणत होती, तेवढी मजा मला विमानात आली नाही.

मेन रोडला लासलगावची मंडळी आधीच येऊन उभी होती. भाऊसाहेब पांढरा शर्ट घालून मामांच्या मागं. त्यांनी आप्पांना हात जोडले, आईला हात जोडले, मलाही जोडले. बोलले नाहीत. आणि दुकानदारानं घोटाळा केला. लग्नसराईची गर्दी, आमच्या वेळेला त्यानं दुसराही एक बस्ता बोलावून ठेवला होता. गादीवर माणसं माणसांना चिकटून बसलेली. तो म्हणाला, "पाहुणे, तुम्ही दुपारी या, तुमच्यासाठी अख्खी गादी मोकळी ठेवतो." आता एवढी माणसं दुपारपर्यंत न्यायची कुठं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मामा रसिक माणूस. ते म्हणाले, "चला, समद्यांना पिच्चर दाखवतो!"

आई म्हणाली, "अहो, बस्त्याच्या दिवशी पिच्चर?" पण तिचा पाय आधीच थिएटरच्या दिशेला वळलेला होता.

मी त्याआधी सिनेमा बघितला होता तो गणपतीत, पडद्यावर, रस्त्यात बसून. थिएटरात, तेही बाल्कनीत, पहिल्यांदाच. ती खुर्ची आपण उठलो की आपोआप मिटते हे कळल्यावर मी आणि लासलगावच्या मावशी दोघी कितीतरी वेळ उठ-बस करत होतो. सिनेमात दोन भाऊ लहानपणी ताटातूट झालेले, आई आंधळी, खलनायकाच्या घरात कारंजं. बायकांची ओळ मागं, पुरुषांची पुढं. लासलगावच्या मावशी पडद्यावरच्या नायिकेला मोठ्यांदा सल्ले देत होत्या, "अगं बये, त्या मेल्याच्या गाडीत नको बसू!" आणि ती बसलीच तेव्हा त्यांनी माझ्या आईला जोरात चिमटा काढला. आई दुसऱ्या गाण्यापासून जी रडायला लागली ती आंधळ्या आईला दिसायला लागेपर्यंत थांबली नाही, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, काय छान होता! आत्या मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. मध्यंतराचे दिवे लागले तसं तिनं मला कोपरानं ढोसलं.

मी पुढच्या ओळीत गेले आणि भाऊसाहेबांच्या शेजारी जाऊन बसले. सरळ विचारलं, "तुमचं नाव काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागं बसलेल्या स्वतःच्या आईकडे बघितलं, मग शर्टाची बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत हातावर गोंदलेलं होतं, भाऊसाहेब.

माझा पहिला डाव फुकट गेला. मी म्हटलं, "तुम्हाला वडा आवडतो का भेळभत्ता?" नुसतं हो-नाही म्हणून सुटता येऊ नये असा प्रश्न मी मुद्दाम काढला होता. ते उठले, माझा हात धरून बाहेर नेलं आणि बोटानं दाखवून वडा घेतला, भत्ता घेतला, वर गोटीसोडाही घेतला. वडा आणि सोडा माझ्या हातात दिला, भत्ता स्वतःकडे ठेवला. मी वडा खाल्ला, कारण तो गरम होता. मग सोडा संपवला आणि शेवटचा उपाय केला. तोल गेल्यासारखं करून, शाळेच्या कातडी बुटाची टाच त्यांच्या चपलेतल्या अंगठ्यावर जीव खाऊन दाबली. त्यांचं तोंड उघडलं. डोळ्यांत पाणी आलं. मग तोंड तसंच मिटलं, आणि माझ्या डोक्यावर थापटून त्यांनी मला उरलेला भत्ताही देऊन टाकला.

मी मागं येऊन आत्याच्या कानात सांगितलं, "नाही बोलत. पाय चेचला तरी नाही. पण माणूस चांगला आहे गं."

पडद्यावर दोघे भाऊ एकमेकांना ओळखून मिठी मारत होते, थिएटर टाळ्या वाजवत होतं, आणि माझी बडबडी आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून गप्प बसली होती. मला इतकं वाईट वाटलं की हातातला भत्ता गोड लागेना.

दुपारी दुकानाची गादी खरंच मोकळी मिळाली. पांढरीशुभ्र चादर, वर गरगरणारे पंखे, दुकानदार काकांनी सगळ्यांना चहा सांगितलेला. एका बाजूला आम्ही, समोर लासलगावकर, मध्ये पातळांचा ढीग. दुकानातली माणसं घडी अशी झटकून उलगडायची की सळसळ आवाज करत पदर थेट आपल्या मांडीपर्यंत यायचा. टोप्या झाल्या, उपरणी झाली, मानाच्या बायकांची लुगडी झाली. कोणाचा मान राहिला, कोणाचा काठ बारीक निघाला, यावर दोन्हीकडच्या बायका मनापासून भांडल्या आणि लगेच एकमेकींना पान देऊन मोकळ्या झाल्या. शेवटी राहिला नवरीचा शालू. तो मुलाकडच्यांनी घ्यायचा. मावशींनी त्यातला वांगी रंगाचा उचलला. "ह्योच. भारी हाय आणि मळखाऊ बी हाय."

शालू मळखाऊ कशाला पाहिजे, हे मला तेव्हाही कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. पण त्याच ढिगात कैरीच्या रंगाचा, लाल काठांचा एक शालू अर्धवट उलगडून पडलेला होता. आत्याचे डोळे तिथं गेले. क्षणभरच. तिला तो शालू फार हवा होता. आणि आता उभं राहून नाही म्हणायचं, म्हणजे शालूही गेला, कपबशी उचलणारा माणूसही गेला, आणि दादाची मान खाली गेली, हे सगळं तिला एकदमच कळलं असणार. तिनं नजर काढून घेतली. भाऊसाहेब तिच्या समोरच बसले होते आणि बघायला आले होते तेव्हासारखेच सगळ्यांच्या तोंडांकडे टकामका बघत होते.

"मग वांगीच ना?" दुकानदार काकांनी विचारलं. त्यांच्या माणसानं चादर पसरली, हळदकुंकवाची वाटी आणली. आत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर भार देऊन ती उठायला लागली. आप्पा आमच्याच बाजूला बसले होते, पान खात, इतके खूश की मला त्यांच्याकडे बघवेना.

"थांबा," आत्या म्हणाली. पण तिचं ते बारीकसं थांबा कोणालाच ऐकू गेलं नाही, कारण नेमक्या त्याच वेळी समोरून आवाज आला.

"कैरी रंग, लाल काठ! एकवार!"

मी घाबरून आईला मिठीच मारली. तसला आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. मोकळा, खणखणीत, रानात या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. भाऊसाहेब गुडघ्यांवर उभे राहिले होते, हात वर केलेला. "दोनवार!" दुकानातल्या माणसाच्या हातातून घड्या घसरल्या. "तीनवार! कैरी रंग, लाल काठ... रंजनाबाई!"

बाहेर मेन रोडला दोन सायकलवाले थांबून आत डोकावत होते. मावशींच्या हातात वांगी शालू तसाच होता. भाऊसाहेबांनी जीभ चावली आणि स्वतःच्या आईकडे बघितलं.

त्यांच्या आईनं कपाळाला हात लावला. "झालं! उघडलंस का तोंड?" मग माझ्या आईकडे वळून त्या म्हणाल्या, "आता काय लपवू, ताई. लिलाव पुकारतो वो माझा लेक. दिसभर ट्रॅक्टरच्या धडधडीवर आवाज काढायचा, त्याला हळू बोलायचं ठावंच नाय ऱ्हायलं. मागं निफाडकडं पोरगी बघाय गेलो, यानं निस्तं नाव इचारलं तर तिच्या हातातला चहाचा ट्रे खाली! त्यांनी कळवलं, मुलगा लय तापट दिसतोय. म्हनून मीच दटावलं, डोक्यावर अक्षता पडस्तोवर चकार शब्द काढायचा नाय."

"पण आमच्या वन्संच्या मनातलं यांना कळलं कसं?" आईनं विचारलं.

मामा आता मोकळे होऊन हसत होते. "अवो, व्यापारी कधी वरडतो व्हय? तो निस्ती भिवई हलवतो. गर्दीत कोनाची भिवई हलली ते यालाच दिसतं. त्येचंच तर खातो तो!"

भाऊसाहेबांशी पुढं माझं इतकं जमलं की माझ्या प्रत्येक परीक्षेचा निकाल मी आधी त्यांना कळवायची. आजही त्यांचा फोन आला की आमच्याकडे कोणी तो कानाला लावत नाही, टेबलावर ठेवून चारी बाजूंनी बसतो. पण त्या दिवशी दुकानात मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी आत्याकडे बघत होते. ती अर्धवट उठलेली तशीच होती आणि तिच्या तोंडावर हळूहळू हसू येत होतं. मग ती हसायलाच लागली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, सगळ्या व्याह्यांच्या देखत, खळखळून. आप्पा "रंजे, रंजे" म्हणून दबक्या आवाजात तिला आवरत होते. तिनं डोळे पुसले आणि नवऱ्या मुलीनं बस्त्याला करू नये ते केलं. सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "जरा हळू."

"हळूच बोलतोय!" भाऊसाहेब म्हणाले. पलीकडच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघून गेला.

"चालंल," आत्या म्हणाली. "मला नीट ऐकू येतंय."

मग ती खाली बसली, पदर सारखा केला आणि कोणी विचारायची वाट न बघता दुकानदाराला म्हणाली, "काका, तेवढी कैरी सगळ्यात वर ठेवा, आणि मारा गाठ."